शेरा

पर्वती पायथ्याला, गिरणीच्या वरच्या खोलीत
आमच्या रुग्णसाहित्य केंद्राची बैठक.
विषय क्रमांक चार : हिशेबासाठी सॉफ्टवेअर घेणे.
(विषय तीन, वॉकरची रबरी बुडं, पाऊण तास चालला.)

खाली कुणाची ज्वारी पडली
की भिंतीवरचा पडदा थरथरतो,
आणि बाणेरहून आलेला इरफान बागवान
माऊस धरून थांबतो, अदबीनं,
जणू दळण होईस्तोवर आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

पर्याय तीन.
पहिलं फुकट.
फुकट कोण देतं हो हल्ली, असं खासनीस म्हणाले
आणि मग आपण कुठं बसलोय ते आठवून गप्प झाले.
दुसरं महिना नऊशे.
चार महिन्यांत एक कमोडची खुर्ची होते,
असं मी मनात म्हटलं, मग मोठ्यानं.
तिसरं मराठी बोलतं. जमा, नावे, शिल्लक.
मध्येच 'कृपया लॉगआउट व्हा' म्हणतं, पण तेवढं चालायचंच.

उंब्रजकर काही बोलले नाहीत.
बावीस वर्षं खजिनदार.
मांडीवर चालू वही, लाल कापडी पाठीची,
पिठानं पानं मऊ पडलेली.

'उत्पन्नाचा मुख्य स्रोत?' इरफान विचारतो.
अनामत, आमच्यातलं कुणीतरी.
'अनामत उत्पन्न नाही,' उंब्रजकर,
'ते देणं आहे. खाट परत आली की पैसे परत.'
पोरगा खूश. दिवसभरात पहिल्यांदा कुणी बरोबर उत्तर दिलं असावं.
'मग सर, या नोंदी?'
अनामत देणगीत वळवली.
अनामत देणगीत वळवली.
आणि प्रत्येकीपुढे हिरव्या शाईचा ठिपका.
'हा ठिपका, म्हणजे ऑडिट झालं?'

गिरणी नेमकी तेव्हा बंद झाली.

'खाट लवकर परत आली,' उंब्रजकर म्हणाले.
'पैसे राहू द्या म्हणाले ते लोक.'

मी पान उलटते, करायला काही हवं म्हणून.
जनता वसाहत, पाण्याची गादी, दोन हजार, ठिपका.
सहकारनगर, ऑक्सिजनचं यंत्र, ठिपका.
तळजाईचं कुणी, कुबड्या, परत, अनामत परत, ठिपका नाही.
मला उगाच बरं वाटतं त्या कुबड्यांचं.
मग दोन वर्षांपूर्वीचा आषाढ :
खाट, फाउलर, अनामत तीन हजार, भरणार र. गो. उंब्रजकर.
पावतीही त्यांच्याच सहीची.
पुढे तीन आठवड्यांनी तेच अक्षर, तेच वाक्य,
आणि ठिपका, इतरांएवढाच.

मी पान पुन्हा होतं तसं केलं.

'तुम्हीच एक नोंद करून बघा, काका.'
उंब्रजकर एका बोटानं टाइप करतात.
नाव. रक्कम. खातं.
'शेरा' अशी एक चौकट येते.
ते ठिपका देतात.
चौकट लाल :
शेरा किमान तीन अक्षरी असावा.

'निधन लिहा की,' खासनीस म्हणाले, 'बरोब्बर तीन आहेत.'
कुणी हसलं नाही. खासनीसही हसवायला बोलले नव्हते.
इरफान म्हणाला, ही अट काढता येते, हेड ऑफिसला सांगावं लागेल.
उंब्रजकर पडद्याकडे बघत राहिले,
चश्म्यावर निळा उजेड.
मग अजून एक ठिपका दिला.
अजून एक.

...

नोंद स्वीकारली, असं मराठीत आलं.

तिसरं सॉफ्टवेअर घेण्याचं ठरलं.
सूचक मी, अनुमोदक खासनीस.
चहाचे एकशे साठ किरकोळीत.
इरफान चहाचे पैसे द्यायला निघाला होता, त्याला बसवलं.

निघताना मी कपाटाची किल्ली पुढे केली,
आता जुन्या वह्या आत ठेवून देऊ म्हणून.
उंब्रजकरांनी वही पिशवीत घातली,
वर रुमाल पांघरला.
'ही इथं नको,' म्हणाले,
'पीठ फार बसतं तिच्यावर.'